चार पौंड, चार बोटं

करुणाताई,

दहा दिवसांपूर्वी दवाखान्याच्या हॉलमध्ये टेबलावर तुझा फोटो ठेवला होता आणि एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलत होता. सिस्टर फार शांत होत्या. सिस्टरचा हात इतका हलका की सुई टोचलेली कळायची नाही. नावाप्रमाणेच करुणा. यातलं काहीच खोटं नव्हतं, म्हणून मी मान हलवत बसले होते. पण ‘हलका हात’ हे तिसऱ्यांदा आलं तेव्हा मी डॉक्टर मॅडमकडे पाहिलं आणि त्यांनी माझ्याकडे. तुझा एक फोरहँड त्यांच्या बरगडीवर बसला होता, त्याचा निळा डाग पंधरा दिवस गेला नव्हता. आम्ही दोघींनी एकदमच ओढणी तोंडावर धरली. लोकांना वाटलं, रडतायत. रडतही होतोच.

मग मला बोलायला सांगितलं. मी उठले आणि उभीच राहिले. मला सांगायचं होतं ते रॅकेटच्या वजनाबद्दल होतं, तारेच्या ताणाबद्दल होतं, आणि एका गोष्टीबद्दल होतं जी मी चार वर्षांत तुलाही सांगितली नव्हती. ते त्या हॉलमध्ये, उदबत्तीच्या धुरात कोणाला सांगणार? ‘त्या माझ्या जोडीदार होत्या’ एवढंच म्हणाले आणि बसले. म्हणून आता इथं लिहिते आहे.

मी आरमोरीकडची शाळा सोडून माजरीच्या या खाण कॉलनीत गणित शिकवायला आले तेव्हा मला इथं कोणीच ओळखत नव्हतं. डॉक्टर मॅडमनी क्लबच्या टेनिस कोर्टवर सकाळी सहा ते सात बायकांची वेळ सुरू केली होती. साहेब लोक संध्याकाळी खेळायचे, सकाळी कोर्ट रिकामंच असायचं. लाल मुरमाचं कोर्ट, चुन्याच्या रेषा, आणि खाणीच्या बाजूनं वारा आला की तासाभरात रेषा राखाडी. तू दवाखान्याचे पांढरे बूट घालून आली होतीस. सिंदेवाहीकडच्या शाळेत खो-खो खेळलेली बाई. टेनिस तीन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा पाहिलेलं. पहिलाच बॉल तू कुंपणाबाहेर, डंपरच्या रस्त्यावर पोचवलास.

“थांबा बाप्पा, मीच आणते,” म्हणत पळालीस आणि येऊन दुसराही तिथंच घातलास.

मी वेगळ्या घडणीची. बॉल परत टाकायचा, पुन्हा परत टाकायचा, समोरची चुकेपर्यंत वाट पाहायची. अर्धा तास तू ते सहन केलंस. मग जाळीपाशी येऊन मला म्हणालीस, “मॅडम, तू बॉलले एवढी गोंजारते काऊन? लेकरू हाय का तुहं?”

तेव्हापासून तुझं ते सुरू झालं: हाक मारताना मॅडम, आणि पुढे सरळ तू. डॉक्टर मॅडमनी आपल्याला एका बाजूला घातलं, का तर दोघींना वेगवेगळं सांभाळणं त्यांना जमेना. तू मारायचीस, मी मागं राहून उरलेलं उचलायचे. आपण वाईट नव्हतो, ताई.

तुझी रॅकेट तेव्हा उसनी होती, डॉक्टर मॅडमची जुनी. हलकी, पसरट तोंडाची. अशा रॅकेटवर बॉल नुसता टेकवला तरी उडतो. माझ्यासारखीला ती छान. तू तिच्यानं पूर्ण हात फिरवून मारायचीस आणि बॉल कुठं जाईल ते तुलाही ठाऊक नसायचं. वर्षभरानं एका सकाळी सर्व्हिस करताना ती गळ्यापाशी तडकली. तू तिच्याकडे पाहिलंस, जशी ओपीडीत एखाद्याच्या मोडलेल्या हाताकडे पाहायचीस, आणि म्हणालीस, “गेली बिचारी. चला मॅडम, नागपूरले.”

मी त्या प्रवासासाठी वहीच भरली होती. आठवडाभर मोबाइलवर वाचून काढलेलं सगळं तक्त्यात लिहिलेलं: वजन, तोंडाचा आकार, कड किती कडक, तार किती कसायची. माझा निष्कर्ष ठरलेला होता. आपण काही विशीतल्या नाही. हलकी घ्यावी, मोठ्या तोंडाची घ्यावी, चुकीचा बसलेला बॉलही पलीकडे जातो. वरोरा मागे पडेपर्यंत तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, “म्हणजे मी चुकीनच, असं धरूनच चालली का तू?”

“चुकत नाही का तू?”

“चुकते. पण चुकासाठी रॅकेट नाई घेत मी.”

सीताबर्डीतल्या त्या दुकानात काउंटरवरच्या पोरगेल्या मालकानं तुझ्याकडे एकदा वरून खाली पाहिलं आणि गुलाबी रंगाची, पापडासारखी हलकी रॅकेट काढली. “लेडीज के लिए यही चलता है, आंटी.”

तू ती हातात घेतलीस, उलटी-सुलटी केलीस आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलंस, “इसमें मच्छर मारने का बटन कहाँ है?”

मागच्या खुर्चीवर त्याचे वडील तार विणत बसले होते. ते इतके हसले की हातातला चिमटा खाली पडला. त्यांनी आपल्याला आत बोलावलं. पुढं आपण त्यांना काकाच म्हणत आलो. त्यांनी आधी तुझा हात हातात घेतला, शेकहँड करावा तसा, पण सोडला नाही. बोटांची लांबी पाहिली, तळवा दाबून पाहिला. तू म्हणालीस, “काका, हे काम माझं आहे, नाडी मी बघते.” ते म्हणाले, मूठ किती जाड लागेल ते असंच कळतं. मग म्हणाले, आता मारून दाखवा. दुकानात जागा ती केवढी! तू हात फिरवलास आणि शटलकॉकचे डबे शेल्फवरून घरंगळत खाली आले. मुलगा धावला. काकांनी मात्र मान डोलावली.

“बेटी, ताकत तो तुम्हारे पास पहले से है. अब ताकत देनेवाला रॅकेट लोगी तो बॉल दूसरे मोहल्ले में मिलेगा.”

मग त्यांनी ती काळी रॅकेट काढली. तीनशे पाच ग्रॅम, लहान तोंड, बारीक कड, आणि वजनाचा भार मुठीकडे. माझ्या वहीत जे जे ‘टाळावे’ म्हणून लिहिलं होतं ते ते सगळं तिच्यात होतं. काका मला समजावत होते, कारण भांडत मी होते. लहान तोंड आणि बारीक कड स्वतःहून बॉल फेकत नाही. हातानं जिथं पाठवला तिथंच जातो. समोरून जोरात आलेल्या बॉलला हलकी रॅकेट थरथरते, जड रॅकेट हलत नाही. भार मुठीकडे असला की जाळीजवळ ती पटकन वळते. मारणाऱ्याला जोर नको असतो, लगाम हवा असतो.

“आणि हिचा हात दुखला तर?” मी विचारलं.

“तर तार ढिली करून घ्यायची. कसलेली तार बॉल ताब्यात ठेवते, पण धक्का कोपरात सोडते. ढिली तार हाताला सोपी, पण बॉल जरा लांब जातो. सध्या चौपन्न पौंडावर कसतो.”

“माहा हात नाई दुखत,” तू सांगून टाकलंस.

परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. तू मांडीवर रॅकेट घेऊन, नव्या बाळाकडे पाहावं तशी तिच्याकडे पाहत होतीस. वरोरा आल्यावर म्हणालीस, “रागावली का वं?” तू पिशवीतून संत्रं काढून सोललंस, अर्धं माझ्या हातावर ठेवलंस, आणि वर म्हणालीस, “तुही वही ठेव जपून. तुह्यासाठी रॅकेट घेऊ तवा कामी येईन.”

पहिला महिना माझ्या वहीचा होता. तुझा हात उशिरा यायचा, बॉल जाळीत जायचा. आपण रोज हरत होतो, आणि मला लाज वाटते सांगायला, मी आतून खूश होते. एकदा शाळेतल्या एका मुलीला ताप आला म्हणून घेऊन आले तर तू वॉर्डात दोन्ही हातांत सलाइनच्या बाटल्या धरून वर-खाली करत होतीस. खाणीतला एक पेशंट पलंगावरून म्हणत होता, “सिस्टर, त्या आमाले लावाच्या बाटल्या हायत ना?”

“एक्सपायरीच्या हायत. झोप तू.”

दुसऱ्या महिन्यात एका सकाळी ते झालं. डॉक्टर मॅडमनी मध्यावर खोल बॉल टाकला, तू दोन पावलं बाजूला सरलीस, आणि एक वेगळाच आवाज आला. आधीच्या रॅकेटचा टणटणीत होता; हा दाट होता, ओल्या लाकडावर कुऱ्हाड बसल्यासारखा. बॉल कोपऱ्यात टेकला आणि चुन्याची धूळ उडाली. जोर तोच होता, पण आता बॉल तुझं ऐकत होता. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. मुद्दामच. पुढच्या सर्व्हिसला गेलीस, जसं काही घडलंच नाही. मी वही घरी जाऊन कपाटात टाकली. ‘तुझं बरोबर होतं’ हे मी तुला तेव्हा म्हणायला हवं होतं. आता म्हणते. तुझं बरोबर होतं, ताई.

मात्र कोपराबद्दल माझं बरोबर होतं.

दोन वर्षांनी हिवाळ्यात तुझं कोपर धरलं. तू कोणाला सांगितलं नाहीस, पण बॅकहँडनंतर तू ओठ दाबायचीस. चहाचा कप डाव्या हातानं उचलायला लागलीस. सगळ्या कॉलनीला ‘आराम करा, पंधरा दिवस काही उचलू नका’ सांगणारी बाई स्वतः एक दिवस सुट्टी घेईना. घरी एरंडाच्या पानानं शेकायचीस आणि सकाळी सहाला हजर. मी तीनदा म्हटलं, तार ढिली करून घे.

“ढिली रॅकेट घेऊन मी काय पापड वाळवू?” तू म्हणालीस. “काकानं कसली तशीच राहू दे.”

कंपनीच्या महिलांच्या स्पर्धा दीड महिन्यावर होत्या. तू त्यांच्याबद्दल झोपेतही बोलत असावीस. आणि नेमकी तेव्हा तुझी तार तुटली. मला शाळेच्या प्रशिक्षणासाठी नागपूरला जायचं होतं. रॅकेट तू माझ्याकडे दिलीस: “काकाले म्हणजो, चौपन्न.”

मी काकांना म्हटलं, “पन्नास.”

ते माझ्याकडे बघत राहिले. “खिलाड़ी को मालूम है?”

मी म्हटलं, नाही. तिला कळलं तर ती खेळणार नाही, आणि चौपन्नावर खेळली तर स्पर्धेपर्यंत तिचा हात राहणार नाही. ते तार कसल्यावर रॅकेटच्या गळ्यावर पौंडाचा आकडा लिहिलेली पट्टी चिकटवायचे. ती लावू नका, असंही मी सांगितलं. काकांनी पट्ट्यांची डबी बाजूला सरकवली. मग त्यांनी यंत्राचा काटा पन्नासवर आणला. मी मुलांना वर्गात कॉपी करू नका म्हणून शिकवते, आणि मी त्या दुकानात बसून एवढी मोठी चोरी केली.

तुला दहा दिवसांत आराम पडला. “एरंडाचं पान,” तू सगळ्यांना सांगत सुटलीस. ओपीडीत येणाऱ्या चार बायकांनाही सांगितलंस. मीही मान डोलावली.

मग ती फायनल. राजुऱ्याच्या बाजूची कॉलनी, सिमेंटचं कोर्ट, आणि समोरच्या दोघी आपल्या निम्म्या वयाच्या. पहिला सेट गेला. दुसरा तू जवळजवळ एकटीनं ओढून आणलास; मी नुसते उंच बॉल टाकून तुला वेळ मिळवून देत होते. तिसऱ्यात आपण पाच-चार पुढे, आणि मॅच पॉइंट आपला. अजून सगळं डोळ्यांपुढं आहे. समोरचीचा बॉल अर्धवट आला, तुझ्या फोरहँडला. एक कोपरा पूर्ण उघडा होता. मध्ये टाकला असतास तरी त्या दोघींना पोचता आलं नसतं. तू कोपरा घेतलास. पूर्ण हात. दाट आवाज. बॉल रेषेच्या पलीकडे टेकला, चार बोटं बाहेर.

त्यानंतर आपल्याला एकही गेम मिळाला नाही.

येताना चंद्रपूरला गाडी थांबवून सगळ्यांनी आलुबोंडे खाल्ले. तू तीन खाल्लेस. बोटं वर करून सगळ्यांना दाखवत होतीस, “चार बोटं! एवढंसं! नाई मारला असता तर जलमभर वाटलं असतं, काऊन नाई मारला.” सगळे हसत होते. माझा आलुबोंडा कागदातच राहिला. ढिली तार बॉल जरा लांब फेकते. चार पौंड, चार बोटं. गणिताच्या बाईला यापेक्षा सोपं गणित कोण घालणार? चौपन्नावर तो बॉल आत पडला असता आणि ट्रॉफी तुझ्या घरी, फ्रिजवर असती, हे मी तेव्हाच मनाशी मांडून ठेवलं.

सांगायला मी कितीदा तरी सुरुवात केली. वरोऱ्याच्या स्टेशनवर एकदा गाडी दीड तास लेट होती, आपण दोघीच बाकावर. मी म्हटलं, “ताई, एक सांगायचं होतं.” तू म्हणालीस, “सांग ना.” आणि मी म्हटलं, “तुझ्या केसात कचरा आहे.” तू केस झटकलेस. पुढं प्रत्येक वेळी तार बदलायची आली की मी काकांना फोन करून हळूच ‘पन्नास’ म्हणायचे. तुझं कोपर पुन्हा दुखलं नाही, म्हणून बंद करवेना. आणि तो बॉल आठवला की झोप लागेना. चार वर्षं गेली तशी.

शेवटच्या दिवशी तू कोर्टवरून निघताना म्हणालीस, “उद्या दहा मिनिटं लवकर ये. सर्व्हिस घालाची हाय.” मी लवकर आले. तू आली नाहीस. झोपेतच गेलीस, असं सव्वासहाला डॉक्टर मॅडम सांगत आल्या, आणि मी बराच वेळ तिथंच चुन्याच्या रेषेवर बसून राहिले.

तुझी लेक मित्रा भामरागडला आश्रमशाळेत शिकवते. पुलावरून पाणी होतं, म्हणून ती तिसऱ्या दिवशी पोचली. तोवर तुला निरोप देऊन झाला होता. तिनं ते फार धीरानं घेतलं, ताई. अगदी तुझ्यासारखं, आधी सगळ्यांना पाणी विचारून. मग मला आतल्या खोलीत नेलं आणि विचारलं, “मावशी, आई शेवटी काय म्हणली तुले?”

मी सांगितलं, “सर्व्हिस घालायची आहे, म्हणाली.”

ती तोंडावर हात ठेवून हसायला लागली आणि हसता हसता माझ्या खांद्यावर कोसळली. मग डोळे पुसून पलंगाखालून तुझी रॅकेटची पिशवी काढली. “ही तुमाले द्याची म्हणून आईनं कवाचं सांगून ठेवलं होतं. म्हणे, मॅडमच्यानं उचलत नाई, पण देजो.”

गेल्या मंगळवारी मी नागपूरला गेले. काकांना तुझी बातमी फोनवर देववेना. ते आता कमी ऐकतात, पण तार अजून तेच विणतात. मी सांगितलं. त्यांनी हातातली रॅकेट बाजूला ठेवली, चष्मा काढला, आणि मुलाला दोन चहा आणायला पाठवलं. मी पिशवीतून तुझी रॅकेट काढून टेबलावर ठेवली आणि मला राहवेना. मी म्हटलं, “काका, ती फायनल आपण दोघांनी हरवली. तो बॉल तारेमुळं बाहेर गेला. मी तिला कधी सांगितलं नाही.”

त्यांनी रॅकेट उचलून तारेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “उसको मालूम था.”

तुला माहीत होतं! पहिल्याच संध्याकाळी, ताई! औषधाच्या प्रत्येक बाटलीवरचं लेबल तीनदा वाचणारी बाई तू. रॅकेटवर पट्टी नाही हे तुला घरी गेल्या गेल्या दिसलं. तू त्यांना फोन केलास. त्यांनी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, तू आधी चिडलीस आणि मग हसायला लागलीस. “मॅडम को मत बताना, काका. उसको अच्छा लग रहा है. और हाथ सच में नहीं दुख रहा.” त्यानंतर प्रत्येक वेळी मी ‘पन्नास’ सांगितलं की तासाभरात तुझाही फोन यायचा: पन्नास. “दोनों चोरी-चोरी एक ही बात बोलती थीं,” काका म्हणाले. “मैं क्या करता? हँसता था.”

“आणि तो बॉल?” मी विचारलं.

त्याबद्दल तू त्यांना फायनलच्या दुसऱ्या दिवशीच सांगितलं होतंस. दीड महिना त्याच तारेवर खेळून तुझा हात बसला होता. बॉल किती जातो ते तुला पक्कं ठाऊक होतं. “तार का कुछ नहीं, काका. कोना खुला दिखा, लालच आ गया.”

मी त्या दुकानात, बॅडमिंटनचे बूट पाहायला आलेल्या दोन गिऱ्हाइकांसमोर, मोठ्यानं हसले आणि मग मोठ्यानं रडले. चहा गार झाला.

आता भांडायचं आहे ते ऐक. तू मला चोरी करू दिलीस, माझ्या चोरीत सामील झालीस, वर एरंडाच्या पानाला श्रेय दिलंस, माझ्या तोंडावर, डोळ्याची पापणी न हलवता! तुला वाटलं असणार, मॅडम खूश आहे, राहू दे. मी खूश नव्हते ना, ताई. मी चार वर्षं तो एक बॉल उशाशी घेऊन झोपले. तू एकदा ‘काऊन वं, पट्टी कुठी गेली?’ एवढं म्हणाली असतीस तर आपण त्याच दिवशी कडाकडा भांडून मोकळ्या झालो असतो. आणि मीही एकदा तोंड उघडलं असतं तर तू मला हसली असतीस. दोघीही शहाण्या, आणि दोघीही एकमेकींना जपत बसलो. यात जास्त वेडी कोण, हे आपण आता कुठं ठरवणार?

पण राग धरवत नाही. स्वतःची हट्टी तार माझ्यासाठी तू सोडलीस. ‘काकानं कसली तशीच’ म्हणणारी तू चार पौंड खाली आलीस आणि कधी बोलून दाखवलं नाहीस. एवढं माझ्यासाठी कोणी केलेलं मला आठवत नाही. गाडी वरोऱ्याला थांबली तेव्हा मी त्याच बाकाकडे पाहून मोठ्यानं ‘थँक्यू’ म्हटलं. समोरचा माणूस दचकला.

काल रविवारी मी तुझी रॅकेट घेऊन कोर्टवर गेले. तीनशे पाच ग्रॅम म्हणजे काय ते मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. पंधरा मिनिटं मी नुसती ती सावरत होते. मग डॉक्टर मॅडमचा एक बॉल आखूड आला. असे बॉल मी सात वर्षं अलगद उचलून पलीकडे ठेवत आले. काल मला काय झालं कोण जाणे, मी दोन पावलं बाजूला सरले आणि पूर्ण हात फिरवला. बॉल डॉक्टर मॅडम आणि त्यांच्या जोडीदाराच्या मधून गेला आणि रेषेवर टेकला. कोणी हललंच नाही.

डॉक्टर मॅडम कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “हा कोणी मारला?”

त्यानंतरचे सात जाळीत गेले, तो भाग सोड.

आज आठवीच्या वर्गावर फळ्यावर वर्तुळ काढायला गेले तर दंड उचलेना. खडू थरथरला आणि काहीतरी भोपळ्यासारखं निघालं. मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, हे काय हाय?”

“वर्तुळ आहे,” मी म्हटलं. “जरा जोरात काढलं.”